आई-बाबांना, सही झाल्यावर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं" म्हणाले असते आणि आईने "जेवलीस का" विचारलं असतं. विषय तिथेच संपला असता. म्हणून पत्र.

इथली नोकरी निवृत्तीपर्यंत करायची असं मी ठरवलंय. सहीसुद्धा झाली. पन्नाशीनंतर वाईला परत यायचं हे आपलं ठरलेलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. पण विभागात प्राचीन ग्रीक शिकवणारी मी एकटीच उरले आहे. मी गेले तर ही जागा भरणार नाहीत, हे मला तोंडावर सांगितलंय. मग प्लेटो, ॲरिस्टॉटल चालू राहतील, पण भाषांतरातून. अल्फा-बीटापासून सुरुवात करून पुढे प्लेटोचं पान स्वतः लावणारी मुलं राहणार नाहीत. बाबा, आठवीचं संस्कृत बंद करायला निघाले तेव्हा तुम्ही कोल्हापूरची बढती का सोडलीत? आईला विचारा, ती अजून बोलून दाखवते. माझंही तसंच आहे. शिवाय पेन्शनचा प्रश्न आहे, विम्याचा आहे. आणि हे काम मला आवडतं, हेही आहेच.

दर ऑक्टोबरला नव्या मुलांबरोबर प्लेटोचं 'रिपब्लिक' काढते. सॉक्रेटीस पिरेअस बंदराला गेलेला असतो. तिथे म्हातारा केफालोस त्याला म्हणतो, तू इकडे फारसा येत नाहीस. माझ्या अंगात शहरापर्यंत यायची ताकद असती तर तुला बोलावलंच नसतं, मीच आलो असतो. अथेन्सहून पिरेअस म्हणजे पायी दोनेक तास. एरवी हे वाक्य मी भराभर ओलांडून पुढच्या न्यायाच्या चर्चेकडे जाते. यंदा वर्गात आवाज जरा बसला. सर्दीवर ढकललं.

त्याच अथेन्समध्ये आर्कन, म्हणजे नगराचा वरिष्ठ अधिकारी, म्हणून निवड झालेल्याची आधी चौकशी व्हायची. बापाचं नाव, आईचं नाव, पूर्वजांची थडगी कुठे आहेत, आई-बापांना नीट वागवतोस का, कर भरतोस का. आणि साक्षीदार आणायला लागायचे! (माझ्या बाजूने कोण येणार? शेजारच्या काकूंना तर मुळीच बोलावणार नाही.) ही माहिती ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ज्या पुस्तकात आहे, ते शतकानुशतकं हरवलेलं होतं. इजिप्तमध्ये त्याचा पपायरस मिळाला आणि 1891 साली ते छापलं गेलं. त्या गुंडाळ्या इथे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कुणीतरी शेतीच्या हिशोबाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते उतरवून घेतलंय, अगदी तुम्ही कालनिर्णयच्या पाठीमागे दुधाचा हिशोब मांडता तसं.

अथेन्सला कायदे घालून देणाऱ्या सोलोनच्या कायद्यात एक सूट होती. बापाने मुलाला काही धंदा शिकवला नसेल, तर म्हातारपणी त्याला पोसायचं बंधन मुलावर नाही. घाटावर "रामः रामौ रामाः" घोकून घेऊन तुम्ही ती पळवाट तेव्हाच बंद केलीत, बाबा. ग्रीकचं द्विवचन वर्गात सगळ्यांना छळायचं, मला कधीच नाही. पाठ चुकलं की पायरीवर बसवून ठेवायचात आणि मग आईला न सांगता भेळ. आईला सगळं माहीत होतं.

आता ऐका. परीक्षा आटोपल्या की जूनमध्ये येणार, ते थेट सप्टेंबरपर्यंत. पेपर तिथेच बसून तपासीन, तुमच्या टेबलावर. माळ्यावरची खोली रिकामी करायला घेऊ नका, ते मी आल्यावर. रात्री झोपायला बाई येणार आहेत. आई, त्या परक्या नाहीत, तुझ्या भिशीतल्या वहिनींनीच सुचवलंय त्यांना. त्यांच्या चहात साखर किती घालायची यावरून पहिल्याच दिवशी वाद नको. गुडघ्याचे व्यायाम सकाळी, देवपूजेच्या आधी. नंतर तू करत नाहीस. इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला सांगितली आहे.

बाबा, पडदे काढायला स्टुलावर चढायचं नाही. चक्कर "जराशी" होती हे मला सांगू नका, मला रिपोर्ट दिसतात. आणि शनिवारी न्हाणीघरात धरायला दांडी बसवणारा माणूस येईल. "आम्हाला लागत नाही" म्हणून त्याला परत पाठवू नका. पैसे देऊन झालेत.

तुमची,
चिमी