युक्रेनियन राष्ट्रवादावरील प्रकरणातल्या चुका : सुधारित पाने किंवा परतावा मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा
(प्रत : संपादक, इतिहास विभाग)

विषय : दोन खंडी जागतिक इतिहास संच, खंड २, पृष्ठे २०९ ते २२२

महोदय,

आपल्या संचाच्या १४ प्रती आमच्या अभ्यासिकेने घेतल्या आहेत. त्यातले युक्रेनियन राष्ट्रवादावरचे प्रकरण विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगे नाही. जे निर्विवाद घडले त्याला आपण ‘काहींच्या मते’ जोडले आहे, आणि ज्यावर इतिहासकार आजही भांडतात तिथे ठाम निकाल देऊन टाकला आहे. पोलंड आणि युक्रेन या दोन देशांत ज्या विषयावरून आजही राजनैतिक ताण येतो, तिथे ही अदलाबदल किरकोळ म्हणता येत नाही.

पृष्ठ २११ वर ‘३० जून १९४१ रोजी बांदेरांनी ल्विवमध्ये स्वतंत्र राज्याची घोषणा केली’ असे छापले आहे. घोषणा वाचली त्यांचे सहकारी यारोस्लाव स्तेत्स्को यांनी. युक्रेनियन राष्ट्रवाद्यांचे नेते स्तेपान बांदेरा त्या दिवशी ल्विव या पश्चिम युक्रेनमधल्या शहरात नव्हतेच. चौकटीत घोषणेचा मजकूर देताना हिटलरच्या जर्मनीशी सहकार्य करण्याचे त्यातले कलम गाळले आहे. पुढच्याच ओळीत ‘नाझींशी लढल्यामुळे तुरुंगवास’ असे येते. बांदेरांना जर्मनांनी पकडले ते परवानगीशिवाय राज्य जाहीर केले आणि माघार घेण्यास नकार दिला म्हणून. सहकार्याचे कलम आणि साक्सेनहाउझेन या नाझी छळछावणीतली कोठडी, दोन्ही खरे आहेत. त्यांचे दोन भाऊ आउशवित्झमध्ये मेले, हेही खरे. यातले एक ठेवून दुसरे काढले की वाचकाला एक तर वीर मिळतो, नाही तर नाझी हस्तक.

त्याच पानावर बांदेरांना ‘युक्रेनचे नेताजी’ म्हटले आहे. ही उपमा काढावी. नेताजी मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले तेव्हा बांदेरा जर्मनांच्या कैदेत होते. शिवाय मराठीत ‘राष्ट्रवादी’ म्हटले की डोळ्यांपुढे स्वातंत्र्यलढा उभा राहतो. १९२९ मध्ये व्हिएन्नात स्थापन झालेली युक्रेनियन राष्ट्रवादी संघटना, म्हणजे ओयूएन, एकच पक्ष आणि एकच नेता मानणारी होती. १९४० मध्ये ती दोन नेत्यांच्या नावांनी मेल्निक गट आणि बांदेरा गट अशी फुटली. आपल्या प्रकरणात ही फूट कुठेच नाही, त्यामुळे एका गटाची कृत्ये दुसऱ्याच्या नावावर जातात.

ल्विवमधल्या १ जुलै १९४१ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराचा दोष आपण फक्त जर्मन सैन्यावर टाकला आहे. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी माघार घेताना शहरातल्या तुरुंगांत हजारो कैदी मारले होते. ती प्रेते बाहेर काढण्यासाठी ज्यूंना रस्त्यांवरून ओढून नेले आणि सूड त्यांच्यावर उगवला. यात जर्मनांबरोबर स्थानिक जमाव होता आणि ओयूएनच्या बांदेरा गटाने उभारलेली मिलिशिया, म्हणजे सशस्त्र स्थानिक दलही होते. सोव्हिएत हत्याकांड छापायचे आणि त्यानंतरचे गाळायचे, याला आमची सर्वांत तीव्र हरकत आहे. तिथे मेलेले लोक पुस्तकातूनही नाहीसे होतात.

पृष्ठ २१४ : ‘पोलिश सूत्रांच्या मते वोलिनमध्ये काही हिंसाचार झाला.’ १९४३ मध्ये ओयूएनच्या बांदेरा गटाच्या युक्रेनियन बंडखोर सेनेने (यूपीए) वोलिन या आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या प्रदेशातली पोलिश गावे ठरवून उद्ध्वस्त केली, यावर गंभीर इतिहासकारांत वाद नाही. ११ जुलैला, रविवारी, लोक चर्चमध्ये असताना एकाच दिवशी डझनावारी वस्त्यांवर हल्ले झाले. वोलिन आणि शेजारचा पूर्व गॅलिसिया मिळून मृत पोलिश नागरिकांचा आकडा पोलिश इतिहासकार साधारण १ लाखापर्यंत धरतात, युक्रेनियन अभ्यासक त्याहून कमी. पोलिश प्रतिहल्ल्यांत हजारो युक्रेनियन मारले गेले. मार्च १९४४ चे साग्रीन आणि मार्च १९४५ चे पाव्लोकोमा ही गावे नावानिशी द्यावीत. वाद आहे तो पुढे : याला वंशसंहार म्हणायचे का (पोलिश संसदेने जुलै २०१६ मध्ये तसा ठराव केला), आदेश किती वरून आला, आणि दोन्ही बाजूंचे बळी एका मापाने मोजायचे का. पोलंडमध्ये ‘वोलिनची कत्तल’ म्हणतात, युक्रेनमध्ये ‘वोलिनची शोकांतिका’. ही दोन्ही नावे छापली तर वाद कशाचा आहे ते विद्यार्थ्याला आपोआप कळेल.

उलट पुढच्याच परिच्छेदात ‘बांदेरांच्या आदेशावरून’ असे ठामपणे म्हटले आहे. १९४३ मध्ये ते कैदेत होते. त्यांची सुटका सप्टेंबर १९४४ ची. वोलिनमधली मोहीम तिथले सेनापती द्मित्रो क्ल्याचकिव्स्की यांनी चालवली. बांदेरांच्या राजकीय आणि नैतिक जबाबदारीची चर्चा जरूर करा, पण हुकूम त्यांच्या सहीचा असल्यासारखे लिहू नका.

पृष्ठ २१६ वरचे छायाचित्र यूपीएचे नाही. बाहीवर सिंह आणि तीन मुकुट दिसतात. ते नाझींच्या एसएस दलातल्या गॅलिसिया डिव्हिजनचे चिन्ह आहे. ही तुकडी जर्मनांनी १९४३ मध्ये उभारली आणि जुलै १९४४ मध्ये ब्रोदीजवळ तिची वाताहत झाली. यूपीएकडे एकसारखा गणवेश नव्हता. मिळेल तो कोट आणि टोपीवर त्रिशूळ.

पृष्ठ २२० वर बांदेरा आजही ‘हीरो ऑफ युक्रेन’ असल्याचे लिहिले आहे. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को यांनी जानेवारी २०१० मध्ये किताब दिला, पण त्याच वर्षी दोनेत्स्कच्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. कारण किताब फक्त युक्रेनच्या नागरिकाला देता येतो, आणि बांदेरांची हत्या १९५९ मध्येच म्युनिकला झाली होती. पुढे तो रद्दच झाला.

सूचीत ‘यूपीए’ ही एकच नोंद असून तिच्याखाली २००४ ची भारतातली आघाडी आणि ही सेना दोन्हींची पाने आहेत. नोंदी वेगळ्या कराव्यात.

हे सगळे प्रकरण २०९ ते २२४ या एकाच सोळापानी फॉर्म्यात बसते. तेवढा फॉर्मा दुरुस्त करून छापावा आणि १४ प्रती ३० दिवसांत पाठवाव्यात. आम्ही त्या बांधून घेऊ. अर्ध्या पानाचे शुद्धिपत्र चालणार नाही, कारण चूक वाक्यांच्या रचनेत आहे. हे शक्य नसेल तर संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बिलाची प्रत आणि खुणा केलेल्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

आपले,
ग्रंथनिवड समिती