रात्री कापलेली नखं

ठाणे, 10 ऑगस्ट

प्रिय चिमणे,

पाच महिने पत्र नाही. फोनवर बोलले तेही 'नंतर करते' म्हणून ठेवून दिलं आणि नंतर केला नाही. रागावली असशील तर रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. परवा रात्री घरात जे झालं ते सांगायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही. माझी शुगर आटोक्यात आहे, आईच्या खुब्याचं हाड जुळलंय, वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते. झालं तब्येतीचं.

मी गिटार शिकतेय. जानेवारीपासून. तुला सांगितलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं. तेच वाक्य परवा दुसऱ्याच तोंडून ऐकलं, म्हणून हा कागद.

पिकनिकला कॉर्ड वाजवत गातात ती गिटार नव्हे हं. क्लासिकल. नायलॉनच्या तारा, त्यातल्या खालच्या स्वराच्या तीन तारांवर धातूचा बारीक वेढा. पट्टी नाही, प्लेक्ट्रम नाही, नुसती बोटं. डावा पाय छोट्या पाटावर ठेवून बसायचं आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, वाचत वाजवायचं. चिरंजीव बेंगळुरूला जाताना आपली गिटार माळ्यावर टाकून गेला होता, तीच घेऊन पाचपाखाडीत क्लासला गेले. सर म्हणाले, ही स्टीलच्या तारांची, हिच्यावर नको. मग साठवलेल्या पैशातून नवी घेतली. सर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, मी अहो-जाहो करते तेव्हा बिचारे लाजतात.

चिमणे, पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली. सरांनी सहा तारा मोकळ्या वाजवून दाखवल्या: ई, ए, डी, जी, बी, ई. मी घरी येऊन पेटी काढली आणि ई ला सा धरला. तर काय निघालं? सा, म, कोमल नी, कोमल ग, प आणि वर पुन्हा सा. रे नाही, ध नाही. धानी राग! एकही बोट न ठेवता, नुसती जुळवलेली गिटार धानीचे सूर देते. त्यांच्यासाठी ते फक्त तारांचं जुळवणं असेल, पण मला वाकड्या छत्रीच्या सरांची माडी आठवली, तू मागे सतार घेऊन बसलेली, आणि मी 'गमपनी' करताना भाता सोडून द्यायची म्हणून सरांनी मारलेली टिचकी. त्या रात्री तुला फोन करायला हवा होता. नंबर काढलासुद्धा होता.

आता नखांचं. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं आणि अनामिका या चौघांची नखं थोडी वाढवायची, डाव्याची मात्र पार कापायची. तार आधी बोटाच्या मांसाला लागते आणि सुटते नखावरून, तेव्हा आवाज उजळतो. तू बोटातली तारेची मिजराब काढून सतारीवर द्रुत 'झाला' वाजवून बघ, म्हणजे नखाशिवाय काय होतं ते कळेल. मी ती नखं मुलांसारखी सांभाळली. कणीक डाव्या हाताने मळायला शिकले, नारळ खवणं शेजारच्या काकूंवर टाकलं, रोज बारीक पॉलिश पेपरने कड घासायची. आईचं म्हणणं, 'एका हाताची बाई, एका हाताची हडळ.' आलेल्या-गेलेल्याला माझा हात पुढे करून दाखवते आणि खुदूखुदू हसते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

परवा रात्री तिला कॉटवरून उठवताना तिचा तोल गेला. मी दंडाखाली धरलं आणि अनामिकेचं नख तिच्या हातावरून ओढलं गेलं. तिची कातडी आता वर्तमानपत्राच्या कागदासारखी झालीय, त्यात रक्त पातळ करायची गोळी. दोन बोटं लांब साल निघालं आणि रक्त थांबेना. पंधरा मिनिटं गॉज दाबून बसले. ती 'अगं काही नाही, काही नाही' म्हणत होती आणि माझे हात कापत होते. पट्टी बांधली, तिला निजवलं, आणि दिव्याखाली बसून चारही नखं मुळापर्यंत कापली.

नेलकटरचा आवाज तिने ऐकला. आधी म्हणाली, 'रात्रीची नखं कापू नयेत, किती वेळा सांगायचं.' मग थोड्या वेळाने, अंधारातूनच: 'माझं नाव पुढे करून सोडू नकोस. बाबांचं केलंस तेवढं पुरे.'

चिमणे, हे तुझं वाक्य आहे. 1991, तलावपाळी, गडकरी रंगायतनसमोरचा कठडा, मध्यमा पूर्णच्या परीक्षेला चार आठवडे राहिलेले. 'बाबांचं नाव पुढे करू नकोस, तुला बसायचंच नाहीये.' मी तुझ्या हातातली भेळ फेकली होती. हे मी आईला कधीच सांगितलं नाही. तू सांगितलंस? सांगितलं नसशील तर तिला स्वतःलाच कळलेलं होतं, आणि चौतीस वर्षं ती गप्प राहिली.

आता लिहूनच टाकते. बाबांच्या आजारपणाचं कारण सांगून मी परीक्षा सोडली, पण बाबा तेव्हा बरे झाले होते. डॉक्टरांनी त्यांना कामावर जायची परवानगी दिली होती. द्रुतमधल्या ताना माझ्या बोटांत बसत नव्हत्या, तुझी सतार दर महिन्याला पुढे जात होती आणि मी तिथेच होते. मला भीती वाटली. म्हणून तुझ्याशी तीन वर्षं बोलले नाही. तू खोटं बोलली असतीस तर मी आठवड्यात बोलले असते.

दुसऱ्या दिवशी तशीच क्लासला गेले. रेस्ट स्ट्रोकने, म्हणजे तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवत, साधी स्वरमालिका वाजवली, आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. सरांना कारण सांगितलं. त्यांनी मला फेर्नांदो सोरबद्दल सांगितलं. सोर म्हणजे जुन्या काळातला मोठा गिटारवादक आणि रचनाकार, बार्सिलोनाचा, 1778 चा जन्म. तो नखांशिवाय वाजवायचा. 1830 मध्ये पॅरिसला छापलेल्या पुस्तकात त्याने नखाने वाजवणाऱ्यांवर सडकून टीका केलीय. अपवाद एकच, त्याचा मित्र दिओनिसिओ आगुआदो. आगुआदो नखानेच वाजवायचा. पण सोरचं ऐकून त्याने अंगठ्याचं नख वापरणं सोडलं, बाकीची ठेवली. दोघांनी मिळून वाजवावं म्हणून सोरने दोन गिटारींची एक रचना केली, ऑपस 41, नाव 'दोन मित्र'. सर सांगत होते आणि मला तू दिसत होतीस, मिजराबीवरून पेटीवाल्यांना तुच्छ लेखणारी! सर हेही म्हणाले की तेव्हाच्या तारा आतड्याच्या, नायलॉन दुसऱ्या महायुद्धानंतरचं, त्यामुळे सोरचा आवाज माझ्या गिटारीवर जसाच्या तसा मिळणार नाही. पण तार्रेगा या नंतरच्या स्पॅनिश गिटारवादकानेही उतारवयात नखं कापली होती, म्हणजे हा रस्ता आहे.

रस्ता आहे हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. रिक्षात बसल्यावर कळलं की सर 'मग थांबू या काही दिवस' म्हणतील याची मी वाट बघत होते. हेच मला खातंय. नखं कापली ती आईसाठी की सुटका हवी होती म्हणून? गेले महिनाभर सोरच्या सोप्या धड्यांपैकी एकात मी अडकलेय. अंगठा आपल्या चालीने चालतो, वरची दोन बोटं आपल्या, आणि तिसऱ्या ओळीला दोघांची गाठ पडते तिथे माझा हात गोठतो. पावसाने लाकूड फुगलंय, तारा जरा वर आल्यात, असंही मी सरांना सांगितलं. ते खरंच आहे, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात. पण नख, पाऊस, आई... कारणं एकामागून एक कशी हाताशी येतायत बघ.

काल रात्री आईची गोळी दिल्यावर नखांशिवाय अर्धा तास वाजवलं. तिसऱ्या ओळीला तीनदा अडले, चौथ्यांदा हळू गेले, गेले. आत आई खोकली. खोकला होता की दाद, विचारलं नाही.

तुझ्या सुनेची बातमी ताईकडून कळली, फार आनंद झाला, डोहाळजेवणाला येतेच. नाशिकचं घर विकायचं म्हणतेस ते घाईत करू नकोस. गुडघ्याचं दाखवलंस का?

मला एवढंच कळव. त्या दिवशी कठड्यावर तू जे बोललीस, ते तुला खरंच दिसत होतं म्हणून बोललीस, की मी परीक्षेला तुझ्याबरोबर बसणार नाही याचा राग होता? दोन्हींपैकी काहीही असलं तरी लिही. आणि दिवाळीत ये. तो धडा तोवर मी सोडलेला नसेन, किंवा सोडला असेन. माझ्या तोंडून ऐकण्याआधी तू ऐकून ठरव.

तुझी,
बारकी

ता. क. आईने नेलकटर आपल्या उशीखाली ठेवलाय. काल मागितला तर म्हणाली, दिवसा माग.