गेन दहावर नेऊन मेटल होत नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत हेवी मेटलच्या गिटार सोलोवर आलेला लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद आहे, पण ‘गेन दहावर, मिड शून्यावर’, म्हणजे आवाज फाडणारं बटण पूर्ण वर आणि मधल्या पट्टीचा आवाज पूर्ण खाली, हा सल्ला पोरांना चांगलाच गोत्यात आणेल. असा आवाज बंद खोलीत भारी वाटतो; ड्रम आणि बेस सुरू झाले की सोलो कुठे गेला ते कळतही नाही. गिटारचा जीव मिडमध्ये. आपल्या वरातीतला बँजो इतक्या ढोलताशातून कान गाठतो, तोही त्याच पट्ट्यातून.

ऑझी ऑस्बर्नच्या १९८० च्या ‘क्रेझी ट्रेन’ या गाण्यातला गिटारवादक रँडी ऱ्होड्सचा सोलो घ्या. एमएक्सआर कंपनीचं डिस्टॉर्शन प्लस हे आवाज फाडणारं पेडल, मार्शल अँप, बस. जाडी आली ती तोच सोलो अनेकदा, सुरावर सूर बसवून, वाजवल्यामुळे. घरी करायचं तर ब्रिजजवळचा (तारा जिथे गिटारच्या अंगावर बसतात तिथला) हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, निवडा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपशी अंतर पातळ तारेखाली २ मिमी, जाड तारेखाली अडीच ठेवा. त्याहून जवळ नेलं तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर लवकर मरतो. अँपवर गेन ५, बेस ४, मिड ७, ट्रेबल ६ पासून सुरुवात करा. गिटार आणि अँपच्या मधे ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल: ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल ८. ते खालचा गाळ कापतं, मिड उचलतं आणि अँपला जोरात ढकलतं, म्हणून कमी गेनवरही स्वर लांबतो.

मग तीनदा वाजवा. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मधे. एकच टेक कॉपी करून तीन ठिकाणी ठेवला तर फक्त आवाज वाढतो, रुंदी येत नाही; ती येते हाताच्या बारीक चुकांमधून. बेंड (तार ओढून चढवलेला सूर) तिन्ही वेळी त्याच सुरापर्यंत पोचायला हवा. नेमकी तिथेच बहुतेकांची फजिती होते.

गणपतीत किंवा ऑर्केस्ट्रात प्रोसेसर (सगळे इफेक्ट एकत्र असलेली पेटी) अँपशिवाय थेट मिक्सरला लावतात आणि मग ‘डासासारखं गुणगुणतंय’ म्हणून साउंडवाल्याला बोल लावतात. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं सोडतच नाही. तो मधे नसेल तर प्रोसेसरमधलं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, चालू हवं. ते नसेल तर ५-६ किलोहर्ट्झच्या वर आणि १०० हर्ट्झच्या खाली कापा.

राहिला हम, म्हणजे मागे सतत येणारी विजेची घरघर. डिस्टॉर्शन गिटारसोबत हमही वाढवतो, आणि इकडे एकाच लाइनवर बोअरची मोटर, मंडपाची रोषणाई, शेजारी वेल्डिंग. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर गिटारच्या आतल्या कप्प्याला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा. फरकच पडला नाही किंवा उलट वाढला, तर ब्रिजखालची अर्थची वायर तुटली आहे का ते तपासा. पेडलला नऊ व्होल्टचा अडॅप्टर देताना मधली पिन निगेटिव्ह आहे का ते बघा, उलटा लागला तर पेडल जळू शकतं. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो; कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. आणि हम घालवायला प्लगची मोठी, अर्थची पिन कापायची ‘युक्ती’ कुणी सांगितली तर ऐकू नका. हातात गिटार, ओठ माइकला, आणि अँपमध्ये करंट उतरलेला असेल, तर शॉक थेट अंगातून जातो.

आपला,
एक गिटारवादक वाचक, भुसावळ