करंडक नंतर, आधी टाकी बघा

संपादक महोदय,

लांब पल्ल्याच्या शर्यतींत अजिंक्यपद मिळवलेली निवृत्त गाडी विक्रीला निघाली की हौशी मंडळी करंडकच बघत बसतात. आधी टाकीतल्या, पेट्रोल साठवणाऱ्या रबरी पिशवीवरची तारीख वाचावी. एफआयए (मोटार शर्यतींची जागतिक नियामक संघटना) प्रमाणित एफटी-३ दर्जाच्या पिशवीची मुदत ५ वर्षं, उत्पादकाने तपासून दिली तर आणखी २. जुनी पिशवी भेगाळते, तिचा चुरा फिल्टरमध्ये अडकतो आणि भर वेगात इंजिनला पेट्रोल कमी पडतं. इंजिन-गिअरबॉक्स किती तास चालले, ते नोंदवहीत पाहावं. गिअरबॉक्सचं कवच मॅग्नेशियमचं असेल तर रंगाखाली फुगलेली पांढरी भुकटी, म्हणजे गंज, शोधावी; मुंबईच्या खाऱ्या हवेत ती झपाट्याने पसरते. आणि हो, आरटीओत अशा गाडीची नोंदणी होत नाही. पळवायला चेन्नई किंवा कोइमतूरसारख्या ठिकाणचा शर्यतीचा ट्रॅक गाठावा लागेल.

— एक वाचक, माटुंगा