शुगरची वही

नाशिक

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सातवीच्या वर्गातल्या विद्यार्थिनीला टाइप १ मधुमेह निघाला आणि गावात ‘एवढ्याशा पोरीला शुगर कशी?’ अशी कुजबुज सुरू झाली, हे वाचून जीव कळवळला. सगळ्यांना ठणकावून सांग, हे गोड खाल्ल्याने होत नाही. तिच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. आता रोज बाहेरून इन्सुलिन घेणं आलंच. कुणाच्या जडीबुटीच्या नादाने ते बंद केलं, तर थोड्या दिवसांत जिवावर बेततं. १९२२च्या आधी अशी मुलं वाचतच नसत.

आमच्या ओपीडीत मुलं दर तीन महिन्यांनी येतात. वजन, उंची, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) हे ठरलेलं. मी मात्र आधी पोटावरून बोटं फिरवते. मुलं एकाच जागी टोचत राहतात, कारण तिथे दुखेनासं होतं. मग तिथे मऊ गाठ धरते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. अशा वेळी डोस वाढवण्याआधी जागा बदलायची. सिरिंजही बघते. इन्सुलिनची बाटली ४०ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिटची, असेल तर सिरिंज लाल टोपणाचीच हवी. नारिंगी टोपणाची १००ची वापरली की डोस कमी पडलाच.

आणि घरी तपासलेली शुगर लिहायची ती वही! महिनाभराची पानं एकाच शाईत, एका बैठकीत भरलेली: ११०, १२०, ११५. शुगर तपासायच्या मशीनच्या मेमरीत ३४०. आई तिथेच धपाटा घालायला उठते. पण आकडा वाढला की घरी ओरडा, दवाखान्यात ओरडा. पोरगं दुसरं काय करणार? शिवाय वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. त्याच डोसवर, तेच जेवण घेऊनही शुगर चढते. म्हणून आमच्या डॉक्टर मॅडम मोठ्या मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलतात, आईवडिलांना बाहेर बसवून. मग खरं कळतं. शाळेत मुली बघतात म्हणून दुपारची सुई बुडते, नाहीतर संडासात उभ्याने घेतली जाते. सुनंदा, हे ऐकून मला फार राग येतो.

म्हणून तुला कळकळीने सांगते, तिला शिक्षकांच्या खोलीत एक स्वच्छ कोपरा दे. टेबलाच्या खणात साखर ठेव. अचानक घाम, थरथर, चिडचिड दिसली की शुगर तपासा. ७०च्या खाली असेल, किंवा मशीन जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. एकटीला घरी धाडू नकोस. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून थेट दवाखान्यात. खेळाच्या तासाला तिला बाजूला बसवू नका, आधी शुगर बघून थोडं खाऊ द्या. परीक्षेत खाऊ नेण्यावरून मुख्याध्यापक कुरकुरले, तर सांग की सीबीएसईने २०१७ मध्येच ही मुभा दिली आहे. आपल्या शाळेला काय हरकत?

आणि ‘आज किती आली?’ असं सगळ्या वर्गासमोर विचारू नकोस.

पुढच्या तपासणीला तिच्या आईबरोबर तूही ये. वही राहिली तरी चालेल, मशीन मात्र आणायला सांग. मुक्कामाला माझ्याकडेच.

तुझीच,
मंगल