मागापुरती जागा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
छत्रपती संभाजीनगर जिल्हा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गुलमंडीची. लहानपणी शेजारच्या वाड्यात हिमरू, म्हणजे सूत-रेशमाचं नक्षीदार कापड, विणायचे; त्या मागाचा खडखडाट ऐकत मी झोपायचे. माग चालवायचे त्यांना आम्ही सगळी पोरं चाचा म्हणायचो. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा आणि सगळी नक्षी वर जाल्याच्या दोऱ्यांत बांधून ठेवलेली. चाचा खाली बसून धोटा टाकायचे, त्यांचा भाऊ दोऱ्या ओढायचा. चार बोटं कापड वाढायला अख्खी दुपार जायची.

आठ वर्षांपूर्वी तो वाडा पाडला, तिथं दुकानं झाली. चाचांच्या मुलाला शहराबाहेर चौथ्या मजल्यावर दोन खोल्या परवडल्या. पण मागाला खाली पाय सोडायला खड्डा लागतो, वर जाल्यापुरती उंची लागते, ताणा पसरायला लांबी लागते. चौथ्या मजल्यावर खड्डा खणणार कुठं? माग सुटा करून गच्चीवर ठेवला आणि दोन पावसाळ्यांत त्याचं लाकूड कुजलं. मुलगा आता रिक्षा चालवतो. तो कष्टाळू आहे, त्याचं घर चालतं. पण जाला बांधायची विद्या त्याच्या हातात होती आणि ती पुढं कुणाला गेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

साहेब, मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवलं, त्याचे दरवाजे आज दुरुस्त होतात, रात्री त्यांच्यावर दिवे लागतात. मला ते पाहून बरं वाटतं. पण आत या. रंगारगल्ली, कुंभारवाडा, कासारी बाजार ही नावं पाट्यांवर आहेत, ज्यांच्यावरून ती पडली ती माणसं मात्र एकेक करून निघून चालली आहेत. हिमरूचे विणकर सांगतात की त्यांचे पूर्वज तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी हलवली तेव्हा देवगिरीला आले. इतकी शतकं टिकलेला माग फ्लॅटच्या छताला अडला.

कारागिरांसाठी काही होत नाही असं मी म्हणत नाही. प्रदर्शनं भरतात, स्टॉल मिळतो. पण चार दिवस स्टॉलवर बसलं की चार दिवस माग बंद. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, नेमकी आपल्या मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत कुंभार आहे, शिंपी आहे, सोनार आहे. हातमागाचा विणकर नाही. त्याला वस्त्रोद्योग खात्याकडं जायला सांगतात. तिथून कर्ज मिळालं, तरी माग उभा करायला जमीन कुठली?

म्हणून माझी मागणी जागेची आहे. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहरासाठी दहा हजार एकर जमीन निघाली, कारखाने आले, पोरांना कामं मिळाली, चांगलं झालं. जुन्या शहरात मी एकरात मागत नाही. वाड्याचा पुनर्विकास होईल तिथं तळमजल्यावर, जमिनीला लागून, मागाच्या उंचीची एक खोली ठरावीक भाड्यानं कारागिरासाठी ठेवायची अट घाला, आणि बिल्डरला त्याबदल्यात वाढीव चटईक्षेत्र द्या. कुंभारांचं वेगळं आहे. भट्टीचा धूर आता भर वस्तीत कुणी सोसणार नाही, आणि ते रास्तही आहे. त्यांना शहराच्या कडेला सामायिक भट्टी आणि गल्लीत विक्रीचा गाळा, असं दोन्ही मिळायला हवं.

येवल्यात गिऱ्हाईक थेट विणकराच्या घरी जातं, मागावरची पैठणी बघून घेतं. आपल्याकडं वेरूळ-अजिंठ्याला जगभरातून माणसं येतात आणि यंत्रमागाची शाल हिमरू म्हणून घेऊन परत जातात. गुलमंडीत दहा माग जरी गल्लीतून दिसतील असे चालले, तरी खरं कापड कसं असतं ते लोकांना कळेल.

जाला बांधू शकणारी मोजकीच म्हातारी माणसं आता उरली आहेत. चाचा ८१ वर्षांचे आहेत. डोळे अधू झालेत, पण समोर माग असेल तर शिकवायला बसेन म्हणतात. तो माग कुठं उभा करायचा, एवढंच आपण यंदा ठरवून द्यावं.

आपली नम्र,
गुलमंडीची एक रहिवासी