बाटलीवरचे लेबल आणि त्यामागचा गम

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी कोकणात लेबलछपाईचा व्यवसाय करीत आहे. लेबल छापून घेणारे बहुतेक ग्राहक रंग, आकार आणि दर यांवर तासभर बोलतात, पण मागच्या गमाविषयी एक शब्दही विचारत नाहीत. आम्ही छपाईवालेही तो विषय काढत नाही. या मौनाची किंमत छोट्या उत्पादकाला मोजावी लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका महिला बचत गटाने माझ्याकडून अमृत कोकमच्या काचेच्या बाटल्यांसाठी क्रोमो (एका बाजूने चकचकीत) कागदावरची लेबले छापून घेतली होती. गरम सरबत भरून बाटल्या पाण्यात थंड केल्या गेल्या, वरवर पुसल्या गेल्या आणि लगेच त्यांवर लेबले लागली. त्या दिवशी ती घट्ट बसलेली दिसली. पावसाळा सुरू झाला आणि दुकानदाराने बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, तेव्हा कडा आधी पांढुरक्या पडल्या, मग वळल्या आणि शेवटी बाटली हातात धरताच ओले लेबल अंगठ्याखाली सरकू लागले. त्यावरच तारीख, किंमत आणि परवाना क्रमांक असल्यामुळे दुकानदाराने माल परत केला. चूक त्या भगिनींची नव्हती. बाटली कशाची, माल गरम भरणार की थंड, ती ठेवणार कुठे, हे विचारण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नव्हते.

अन्नपदार्थांच्या लेबलिंगसंबंधी २०२० साली जे विनियम झाले, त्यांत लेबल डब्यापासून किंवा बाटलीपासून सुटणार नाही अशा रीतीने लावले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मजकूर कितीही बिनचूक छापला, तरी लेबल गळून पडले तर नियम मोडतोच. छोटे उत्पादक मजकुराची काळजी घेतात, पण या अटीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

स्टिकरच्या मागचा गम नुसत्या दाबाने चिकटतो, त्याला पाणी किंवा उष्णता लागत नाही. बाजारात तो मुख्यतः दोन जातींचा मिळतो. रबरावर आधारलेला गम लावताक्षणी जोरात पकडतो, प्लॅस्टिकच्या तेलकट भासणाऱ्या पृष्ठभागावरही बसतो आणि सहसा स्वस्त पडतो, परंतु ऊन आणि उष्णता त्याला मानवत नाही. कालांतराने तो पिवळा पडतो आणि त्याची पकड जाते. ॲक्रिलिक गम सुरुवातीला मवाळ वाटतो, त्याची पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात, पण ऊन, हवा आणि वय यांपुढे तो टिकतो. लेबल लावल्याबरोबर नखाने उचकटून 'गम हलका आहे' असा निकाल देणारे ग्राहक मी नेहमी पाहतो. युरोपातील लेबल उद्योगाची फिनॅट ही संघटना आपल्या चाचणीत लेबल सोलायला लागणारा जोर २० मिनिटांनी आणि पुन्हा २४ तासांनी मोजायला सांगते, त्यामागचे कारण हेच आहे. ॲक्रिलिकमध्येही पाण्यात कालवून केलेला गम ओल लागली की पांढरा पडू शकतो, तर सॉल्व्हंटवर (रासायनिक द्रावकावर) आधारलेला गम पाण्याला सहसा दाद देत नाही, पण महाग असतो. फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत राहणाऱ्या बाटलीसाठी हा फरक मोलाचा आहे.

बाटली कशाची आहे, यावर तर अर्धा निर्णय अवलंबून असतो. काचेवर कोणताही गम सहज बसतो असा समज आहे आणि कोरड्या काचेपुरता तो खराही आहे. पण काचेला पाणीही तितकेच प्रिय असल्यामुळे कागदी लेबलाच्या कडेतून ओल आत शिरते आणि गमाला बाजूला सारते. म्हणून थंड ठेवायच्या बाटलीवर कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या फिल्मचे लेबल घ्यावे आणि ते पूर्ण कोरड्या बाटलीवरच लावावे. पेट (पाण्याच्या बाटल्यांचे पारदर्शक प्लॅस्टिक) बाटलीवर फारशी अडचण येत नाही. खरी परीक्षा दुधी रंगाच्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांवर होते. त्यांची पृष्ठऊर्जा, म्हणजे गमाला स्वतःवर पसरू देण्याची पृष्ठभागाची क्षमता, सेंटीमीटरला सुमारे ३० डाइन, पेटची ४० च्या वर. आकडे लक्षात ठेवायची गरज नाही: डब्यावर पाण्याचा थेंब टाकावा, तो मोत्यासारखा गोल राहिला तर साधा गम तिथे टिकणार नाही असे समजावे. दाबून वापरायच्या बाटलीवर कागद सुरकुततो, तिथे मऊ पॉलिथिलीनची फिल्म लागते. लोणच्याच्या बरणीचे दुखणे वेगळेच असते. भरताना बाहेर ओघळलेल्या तेलाचा पुसट थरही पकड मोडायला पुरेसा होतो.

तापमानाच्या बाबतीत दोन गोष्टींची गल्लत होते. लेबल कोणत्या तापमानाला लावायचे हे एक आणि लावल्यानंतर ते किती थंडी सोसेल हे दुसरे. साधारण गम ५ ते १० अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर नीट पकडतच नाही; मात्र तोच खोलीच्या तापमानाला लावून एक दिवस मुरू दिला, तर पुढे उणे २० अंशांपर्यंत टिकू शकतो. आधीच गोठवलेल्या माशांच्या पाकिटावर लेबल लावणाऱ्यांनी थंड पृष्ठभागावरही पकडणारा फ्रीजर गमच मागावा. उरलेली लेबले तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवली तर गम रोलच्या कडांतून बाहेर येतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

उलट टोकाचे उदाहरण प्रत्येक घरात आहे. नवे स्टीलचे ताट आणले की त्यावरचा स्टिकर नखाने खरवडायचा, तेल चोळायचे, कोणी गॅसवर धरायचे, तरी चिकट वर्तुळ राहतेच. सहज निघणारा गम बाजारात उपलब्ध आहे, पण भांडी बनवणारे तो मागत नाहीत आणि त्याचा त्रास वर्षानुवर्षे गृहिणींनी सोसायचा. लेबल कायमचे हवे की निघणारे, हा गम निवडतानाचा पहिला प्रश्न असायला हवा.

मोठी ऑर्डर देण्यापूर्वी छपाईवाल्याकडून कोऱ्या स्टिकरचे चारपाच नमुने मागून घ्यावेत, आपल्याच भरलेल्या बाटलीवर लावावेत, एक दिवस थांबावे, मग एक बाटली फ्रीजमध्ये, एक पाण्याच्या बादलीत आणि एक उन्हात दोन दिवस ठेवावी. कायमच्या कागदी लेबलाची कड सोलताना कागद फाटला तर गम योग्य आहे. अख्खे लेबल सुटून हातात आले तर तो बदलावा. या खटाटोपाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

बचत गटांना आणि गृहोद्योगांना अन्नप्रक्रियेचे प्रशिक्षण देणाऱ्या शासकीय यंत्रणांना माझी विनंती आहे की, लेबलाच्या मजकुराबरोबर त्याचा कागद आणि गम यांवर निदान दोन तासांचे प्रात्यक्षिक घ्यावे, तेही उत्पादकांनी स्वतः आणलेल्या बाटल्यांवर. माझ्या व्यवसायबंधूंनी आपल्या बिलावर कागदाच्या नावाबरोबर गमाची जातही लिहायला सुरुवात करावी. मी ती केली आहे आणि ऑर्डर घेताना बाटलीचा नमुना पाहिल्याशिवाय आता दर सांगत नाही.

आपला नम्र,
एक लेबलछपाई व्यावसायिक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)